कालनिर्णयातले तीन कोरे चौकोन : सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई.

विषय : रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलांच्या मेंटेनन्स उपचारांची सोय जिल्ह्यातच होणेबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. माझी मुलगी साडेचार वर्षांची असताना तिला अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया झाल्याचे निदान झाले. लहान मुलांना होणाऱ्या कर्करोगांत हाच सर्वांत जास्त आढळतो आणि दोन ते पाच या वयात त्याचे प्रमाण सर्वाधिक असते. अडीच वर्षे उपचार चालले. आज ती सातवीत आहे, उपचार संपून पाच वर्षे होत आली आहेत, आणि वर्षातून एकदा तपासणीसाठी मुंबईला जाणे एवढेच आता उरले आहे. स्वतःसाठी मागावे असे माझ्याकडे काही नाही. तरीही हे पत्र लिहिते आहे, कारण जिच्यावर तिचे बरे राहणे बरेचसे अवलंबून होते ती गोष्ट त्या अडीच वर्षांत शासनाच्या कोणत्याही कागदावर मला दिसली नाही, आणि आमच्यानंतर या वाटेने गेलेल्या ओळखीच्या कुटुंबांनाही ती दिसलेली नाही. ती गोष्ट म्हणजे घरी बसून, रोज, दोन वर्षे घ्यायच्या गोळ्या. उपचारांच्या याच टप्प्याला मेंटेनन्स म्हणतात.

या आजाराच्या पालकांना पहिल्याच महिन्यात एक शब्द कळतो आणि तो पुढे कायम सोबत राहतो : रिलॅप्स, म्हणजे आजार उलटणे. पहिल्या चार-पाच आठवड्यांच्या केमोथेरपीनंतर बहुतेक मुलांच्या बोन मॅरोत, म्हणजे जेथे रक्त तयार होते त्या हाडांतील मगजात, सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगाच्या पेशी दिसेनाशा होतात. याला रेमिशन म्हणतात आणि घरचे लोक पेढे वाटायच्या तयारीला लागतात. पण दिसेनाशा झालेल्या पेशी संपलेल्या नसतात. उपचार तेथेच थांबवले तर जवळजवळ प्रत्येक मुलात आजार पुन्हा डोके वर काढतो. बहुधा बोन मॅरोत, कधी मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात, मुलग्यांमध्ये कधी वृषणात. श्रीमंत देशांत आज या आजाराची सुमारे ९० टक्के मुले बरी होतात. आपल्याकडील आकडे त्याखाली आहेत आणि केंद्रागणिक फार बदलतात. ज्या मुलांच्या बाबतीत अपयश येते त्यांत आजार उलटणे हे मोठे कारण असते. त्याच्या जोडीला जंतुसंसर्ग आणि उपचार अर्ध्यावर सोडणे ही दोन. उलटलेल्या आजारावर उपचार आहेत, पण ते अधिक कठोर आणि कितीतरी महाग असतात आणि यशाची शक्यता बरीच कमी होते. निदानानंतर पहिल्या दीड वर्षात आजार उलटला तर ती फारच कमी होते.

धोका कोणाला किती, हे डॉक्टर काही खुणांवरून ठरवतात. मुलाचे वय एक ते दहा वर्षांच्या दरम्यान असणे आणि निदानाच्या वेळी पांढऱ्या पेशी घनमिलीमीटरला पन्नास हजारांखाली असणे या बऱ्या खुणा. कर्करोगाच्या पेशींतील गुणसूत्रांचे काही बदल चांगले, काही वाईट. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांची तुकड्यांची अदलाबदल झालेली असेल तर वेगळे औषध जोडावे लागते. सर्वांत बोलकी तपासणी एमआरडीची, म्हणजे उरल्यासुरल्या आजाराची. पहिल्या टप्प्याच्या शेवटी मॅरोत किती पेशी लपून राहिल्या हे ती मोजते. सूक्ष्मदर्शकाच्या हिशेबाने शंभरात पाचांहून कमी म्हणजे रेमिशन, तर एमआरडीची रूढ सीमारेषा दहा हजारांत एक. यांतली एकही खूण पालकांना बदलता येत नाही आणि शासनालाही येत नाही. ज्या एका कारणावर दोघांचा हात पोचतो त्याबद्दल मला बोलायचे आहे.

त्यासाठी थोडे मागे जाते. १९४८ मध्ये बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी ॲमिनोप्टेरिन हे औषध सोळा मुलांना दिल्याचा निबंध प्रसिद्ध केला. दहा मुलांत आजार दबला. निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी ‘तात्पुरते’ असा शब्द घातला होता, कारण दबलेला आजार काही महिन्यांत परत येत होता. हे औषध शरीरातील फॉलिक ॲसिडच्या कामात अडथळा आणणारे. ते जेथे तयार झाले त्या अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेतील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. आणि फॉलिक ॲसिडचा माग पहिल्यांदा लागला तो आपल्या मुंबईत. लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये येथे आल्या, गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायांच्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला, आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे १९३१ मध्ये मांडले. ॲमिनोप्टेरिनचे धाकटे भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट, जे माझी मुलगी दर बुधवारी घेत होती. परळला रांगेत बसलेल्या आईबापांना ही हकीकत कोणी सांगत नाही. सांगायला हवी असे मला आपले उगाच वाटते. दुसरी गोळी मर्कॅप्टोप्युरिन. ती १९५३ पासून वापरात आहे, आणि ती शोधणाऱ्या गर्ट्रूड एलियन व जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिकाचा सन्मान मिळाला. १९६० च्या दशकात अमेरिकेत मेम्फिसला डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी सुरुवातीची जोरदार केमोथेरपी, मेंदूकडे जाणाऱ्या आजाराचा बंदोबस्त आणि त्यापुढे वर्षानुवर्षांच्या गोळ्या असे सगळे एका पद्धतीत बांधले, तेव्हा कुठे काही मुले कायमची बरी होऊ लागली. फार्बर यांचा ‘तात्पुरते’ हा शब्द खोडण्यासाठीच मेंटेनन्स आले.

मेंटेनन्स घरात कसे दिसते ते सांगते. पहिले सात-आठ महिने रुग्णालयाचे असतात : सलाइन, पाठीतले इंजेक्शन, ताप आला की भरती. मग एके दिवशी फाईलवर ‘मेंटेनन्स’ असे लिहिले जाते, डोक्यावर केस दिसू लागतात, आणि आपण गावी परततो. रोज रात्री मर्कॅप्टोप्युरिन, आठवड्यातून एकदाच मेथोट्रेक्सेट, आणि ठरलेल्या दिवशी जंतुसंसर्ग टाळण्याची गोळी. मर्कॅप्टोप्युरिन पन्नास मिलिग्रॅमच्या गोळीत येते आणि सोळा किलोच्या मुलीचा डोस काही त्या गोळीच्या मापाने ठरत नाही. म्हणून आमच्याकडे सोमवार ते गुरुवार एक गोळी आणि शुक्रवार ते रविवार अर्धी. मेथोट्रेक्सेटच्या अडीच मिलिग्रॅमच्या पाच गोळ्या बुधवारी एकदम. स्वयंपाकघराच्या दाराआड टांगलेल्या कालनिर्णयात मी दर महिन्याच्या पहिल्या रात्री चौकोनाचौकोनात निळ्या शाईने एक किंवा अर्धा आणि बुधवारच्या चौकोनात लाल शाईने पाच असे आकडे घालून ठेवी, आणि गोळी पोटात गेली की त्यावर बरोबरची खूण करी. हे सोपे वाटते, पण आठवड्याची गोळी चुकून रोज दिली गेली तर जिवावर बेतू शकते. मी शिकलेली आहे, मला दोन रंगांच्या शाया सुचल्या. ज्या घरात औषधाच्या पाकिटावरचे इंग्रजी वाचणारे कोणी नाही, त्या घराला निघताना एका कागदावर खरडलेल्या चार ओळी मिळतात.

आता माझ्या विषयाकडे येते. अमेरिकेत डॉ. स्मिता भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळ्यांच्या डबीच्या झाकणात चिप बसवली. झाकण उघडले की तारीख आणि वेळ नोंदली जाई. सव्वातीनशे मुलांवरचा त्यांचा निबंध २०१२ मध्ये आला आणि आणखी मुले घेऊन केलेला दुसरा २०१५ मध्ये. दोन्हींचा निष्कर्ष सारखा होता : ज्या मुलांनी सांगितलेल्या गोळ्यांपैकी ९५ टक्क्यांहून कमी घेतल्या, त्यांच्यात आजार उलटण्याचा धोका अडीच पट किंवा त्याहून थोडा जास्त होता. ९५ टक्के ऐकायला मोठे उदार वाटतात. आमच्या शाळेत तेवढे मिळवणाऱ्याचा फोटो फलकावर लागतो. पण हिशेब करून पाहावा. तीस दिवसांच्या महिन्यात एक गोळी चुकली तर ९६.७ टक्के होतात आणि दोन चुकल्या तर ९३.३. म्हणजे सुरक्षित आणि असुरक्षित यांच्यामधली रेघ महिन्यातल्या पहिल्या चुकलेल्या गोळीनंतर आणि दुसरीच्या आधी पडते.

याच संशोधकांना असेही आढळले की पालकांनी तोंडी सांगितलेला आकडा बरेचदा झाकणाने नोंदलेल्या आकड्यापेक्षा जास्त असतो. मला याचे आश्चर्य वाटले नाही. मेंटेनन्सच्या दुसऱ्या वर्षी माझे सासरे गेले. घर पाहुण्यांनी भरले, मुलगी कधी या खोलीत तर कधी त्या खोलीत कोणाच्या तरी कुशीत झोपून जाई, आणि तेराव्यापर्यंत तीन रात्रींच्या गोळ्या राहून गेल्या. पुढच्या ओपीडीत डॉक्टरांनी विचारले, “एकही गोळी चुकली नाही ना?” मी म्हणाले, “नाही.” वर्गात मुलांना खोटे बोलू नका म्हणून सांगणारी मी बाई. पण मागे माणसांची रांग दारापर्यंत गेली होती, समोरचा डॉक्टर तरुण होता आणि सकाळपासून उभा होता, आणि आपल्याला रागावतील ही भीती त्या क्षणी मुलीच्या आजाराहून मोठी झाली. जिला त्या तेरा दिवसांतच फोन करून ‘तीन राहिल्या, आता काय करू’ असे विचारता आले असते अशी एखादी सिस्टर आमच्या जिल्ह्यात असती, तर मुंबईला खोटे बोलण्याची वेळ आली नसती.

गोळी रात्रीच, उपाशीपोटी आणि दुधाशिवाय द्यायची असेही आम्हांला सांगितले होते. पाच-सहा वर्षांची मुलगी जेवून आठ वाजता झोपते, तिला साडेदहाला उठवून कडू गोळी द्यायची म्हणजे रोजची रडारड. हा नियम पाळायच्या नादात किती घरांत गोळीच राहून जात असेल कोण जाणे. २०१७ मध्येच प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले होते की गोळी जेवणाबरोबर किंवा दुधाबरोबर घेतल्याने आजार उलटण्याचा धोका वाढत नाही. ती रोज पोटात जाणे महत्त्वाचे. आमच्या हाती पडलेल्या छापील सूचना जुन्याच होत्या.

दुसरे कोडे काउंटचे, म्हणजे रक्तातील पेशींच्या संख्येचे. मेंटेनन्समध्ये औषधाचा डोस रक्त तपासून कमीजास्त करतात. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी साधारण पाचशे ते दीड हजारांच्या दरम्यान राहतील असे पाहतात. एकदा आमचे चार हजारांवर गेले. मी आनंदाने रिपोर्ट पुढे केला तर डॉक्टरांच्या कपाळाला आठी. काउंट सतत चढे राहतात याचा अर्थ डोस कमी पडतो आहे किंवा गोळ्या पोटात जात नाहीत, हे तेव्हा समजले. गावाकडे याच्या उलट चालते. ताप आला, काउंट उतरले, डोळे जरा पिवळे वाटले की जवळचे डॉक्टर चांगल्या हेतूनेच म्हणतात, “त्या कॅन्सरच्या गोळ्या सध्या बंद ठेवा.” कधी त्या थांबवाव्याही लागतात, पण किती दिवस आणि पुन्हा कोणत्या डोसने सुरू करायच्या हे सांगणारे कोणी नसल्याने आठवड्याचे तीन आठवडे होतात. त्यात काही मुलांचे शरीर मर्कॅप्टोप्युरिनला फार नाजूक असते. एनयूडीटी१५ या जनुकातील ज्या बदलामुळे असे होते तो आपल्या देशात आणि पूर्व आशियात युरोपपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. अशा मुलाला नेहमीचा डोस दिला की काउंट कोसळतात, औषध थांबते, पुन्हा सुरू होते, पुन्हा कोसळतात. आयुष्यात एकदाच करायच्या या तपासणीने ही धरसोड वाचते.

आणि मुळात गोळी मिळाली पाहिजे. आमच्या तालुक्यातील औषध दुकानदाराने पहिल्यांदा चिठ्ठी पाहिली तेव्हा तो म्हणाला, “हे चालत नाही, ठेवत नाही. मागवून देतो, चार दिवस लागतील.” चार दिवस म्हणजे चार गोळ्या, म्हणजे त्या महिन्याचे ८६.७ टक्के. शासकीय रुग्णालयाच्या औषध भांडारात विचारले तर ही औषधे आमच्याकडे येतच नाहीत असे उत्तर मिळाले. या दोन्ही गोळ्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत आणि त्यांची किंमत केमोथेरपीच्या इतर खर्चापुढे नगण्य आहे.

धर्मशाळेत आमच्या शेजारी ऊसतोड कामगारांचे एक कुटुंब राहत होते. मुलगा सहा वर्षांचा, आमच्या मुलीबरोबरच मेंटेनन्सला लागलेला. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघाल्या. मुकादमाकडून उचल घेतलेली होती आणि ती आजारपणातच खर्च झाली होती, त्यामुळे न जाण्याचा प्रश्नच नव्हता. मूल मागे ठेवावे तर घरी डोळ्यांनी अधू झालेली आजी. मग तेही आईबापांबरोबर पश्चिम महाराष्ट्रात कारखान्याच्या तळावर गेले. जवळ गोळ्या दीड महिन्याच्या, हंगाम पाच महिन्यांचा. पहाटे तीनला उठून फडात जाणाऱ्या आणि संध्याकाळी मोळ्या बांधून, गाडी भरून येणाऱ्या बाईने पालाच्या उजेडात गोळीचा नेमका अर्धा भाग कसा करायचा, हाही एक प्रश्नच. फेब्रुवारीत मुलाचे डोके दुखू लागले, सकाळच्या उलट्या सुरू झाल्या, एक डोळा तिरका दिसू लागला. मुंबईला पाठीतल्या पाण्यात पेशी सापडल्या. त्याच्या फाईलवर एक इंग्रजी शब्द लिहिला गेला होता, ज्याचा अर्थ ‘सांगितलेले न पाळणारे’ असा होतो. त्या बाईला शब्द वाचता येत नव्हता, पण सूर कळला होता. तिने मला विचारले, “बाई, म्या गोळ्या चुकवल्या म्हून झालं का हे?”

मी काही बोलले नाही. आजही त्या प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर देता येणार नाही. एकही गोळी न चुकवता काही मुलांचा आजार उलटतो आणि अनेक चुकवूनही काहींचा उलटत नाही. धोक्याचा आकडा शेकडो मुलांबद्दल बोलतो, एका मुलाबद्दल नाही. पण पाच महिन्यांच्या हंगामाला दीड महिन्याच्या गोळ्या दिल्या गेल्या, उरलेल्या कोठून आणणार असे कोणी विचारले नाही, आणि दोष मात्र आईच्या नावे फाईलला लागला, ही वाटणी मला मान्य नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण दीड लाखांवरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय शासनाने २०२३ मध्ये घेतला. त्याचे मोल मला ठाऊक आहे. आमच्या पहिल्या आठ महिन्यांचा मोठा भार दीड लाखाच्याच काळात योजनेने उचलला होता. पण योजनेचा हात संलग्न रुग्णालयाच्या दारापर्यंत पोचतो. मेंटेनन्सचे मूल वर्षातील साडेतीनशे दिवस त्या दारापासून पाचशे-सहाशे किलोमीटर दूर असते. रेल्वे कर्करुग्णाला उपचारांसाठी स्लीपर आणि थ्री एसीचे पूर्ण भाडे माफ करते आणि सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत देते. आम्ही कितीतरी वेळा देवगिरी एक्स्प्रेसने त्या सवलतीवर गेलो. मला पगारी रजा होती. रोजंदारीवरच्या बापाचे दोन दिवसांचे हजेरीचे पैसे बुडतात, त्याला कोणती सवलत लावणार? मग तो एक खेप टाळतो, आणि त्या खेपेला मिळायच्या गोळ्याही टळतात.

हे जिल्ह्यातच करता येते, याचा पुरावा टाळेबंदीने दिला. मार्च २०२० मध्ये गाड्या थांबल्या तेव्हा आमचे मेंटेनन्सचे शेवटचे महिने राहिले होते. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितले की रक्त गावी तपासा, रिपोर्टचा फोटो पाठवा. संध्याकाळी फोनवर डोस कळे, गोळ्या कुरिअरने येत. त्या महिन्यांत आमचे एकही काम अडले नाही. पुढे गाड्या सुरू झाल्या आणि ही सोयही आवरती घेतली गेली. संकटात जे जमले ते एरवी का जमू नये, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही. पाठपुराव्याने काय होते याचेही उदाहरण मुंबईतच आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या बालकर्करोग विभागाने २०१० पासून उपचारांचा खर्च, निवारा, आहार, समुपदेशन आणि न आलेल्या मुलाच्या घरी फोन अशी जोड दिली, आणि उपचार अर्धवट सोडणाऱ्यांचे जे प्रमाण पूर्वी पाचांत एक होते ते शंभरात पाचांच्या खाली आणले.

म्हणून माझी विनंती अशी की प्रत्येक जिल्हा रुग्णालयात एका परिचारिकेला मोठ्या कर्करोग केंद्रात प्रशिक्षण देऊन जिल्ह्यातील मेंटेनन्सवरील मुले तिच्याकडे सोपवावीत. ही मुले फार तर शाळेचे एक-दोन वर्ग भरतील एवढीच असतील. त्यांच्या गोळ्यांचा किमान दोन महिन्यांचा साठा तेथील भांडारात असावा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत त्यांची रक्ततपासणी रांगेशिवाय होऊन न्यूट्रोफिलचा आकडा त्याच दिवशी मिळावा, आणि डोस मात्र उपचार करणाऱ्या केंद्रानेच फोनवरून ठरवावा. गोळी थांबवण्याआधी या परिचारिकेला फोन करायचा, हे प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला माहीत असावे. आणि तिने आठवड्याला एक फोन करावा, ज्यात ‘चुकली नाही ना’ असे न विचारता ‘किती राहिल्या’ असे विचारले जावे. या दोन प्रश्नांत किती अंतर आहे हे मी अनुभवाने सांगते.

निदानाच्या वेळचीही एक बाब आहे. गुणसूत्रांची तपासणी आणि एमआरडी यांचे पैसे आम्ही दागिना मोडून भरले. या तपासण्या झाल्या नाहीत तर कमी धोक्याच्या मुलाला नको इतके विष आणि जास्त धोक्याच्या मुलाला हवे त्याहून कमी उपचार मिळण्याची शक्यता राहते. त्यांचा खर्च केमोथेरपीच्या पॅकेजइतकाच हक्काचा धरावा. तसेच केमोथेरपीतील ॲस्पराजिनेज या इंजेक्शनाकडे लक्ष द्यावे. देशात विकल्या जाणाऱ्या त्याच्या काही ब्रँडांची गुणवत्ता असमाधानकारक असल्याचे आपल्याच संशोधकांनी दाखवले आहे. खरेदी फक्त सर्वांत कमी दराच्या निविदेवर न करता प्रत्येक खेपेची चाचणी घेऊन करणे आपल्या हातात आहे.

नव्या उपचारांच्या बातम्या मीही वाचते. ब्लिनाटुमोमॅब हे औषध केमोथेरपीला जोडल्यावर तीन वर्षांनी आजाराविना असलेल्या मुलांचे प्रमाण ८७.९ टक्क्यांवरून ९६ टक्क्यांवर गेल्याचा निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. आयआयटी मुंबईत जन्मलेल्या आणि टाटा मेमोरियलमध्ये पारखलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला (यात रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी बदलून परत देतात) ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, तीही पंधरा वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी. हे सारे आपल्या मुलांपर्यंत यावे आणि त्यासाठी शासनाने किमतींची घासाघीस करावी असे मलाही वाटते. फक्त एक लक्षात असू द्यावे : ज्या ८७.९ टक्क्यांवर ती भर पडली, त्या आकड्यात दोन वर्षांच्या रोजच्या गोळ्या आधीच धरलेल्या आहेत.

आपल्या विभागाने ही योजना चालवणाऱ्या राज्य आरोग्य हमी सोसायटीला दरवर्षी एक आकडा काढायला सांगावा, अशीही विनंती आहे. किती दावे मंजूर झाले आणि किती कोटी खर्च झाले हे आम्हांला जाहिरातींतून कळते. या आजाराची किती मुले योजनेत आली, त्यांपैकी किती मेंटेनन्स पूर्ण करून बाहेर पडली, कितींचा आजार उलटला आणि ती कोणत्या जिल्ह्यांतली होती, हेही जिल्हावार जाहीर व्हावे. एखाद्या जिल्ह्यात आजार उलटण्याचे प्रमाण शेजारच्या जिल्ह्याहून सतत जास्त दिसले तर कारण गुणसूत्रांत शोधण्याआधी औषध भांडारात शोधता येईल.

ऊस गाळप हंगाम कधी सुरू करायचा हे दरवर्षी मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील मंत्री समिती ठरवते. या वर्षीची बैठक होईल तेव्हा, टोळ्या निघण्याआधी, बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतील मेंटेनन्सवरच्या मुलांची यादी आपल्या विभागाने सोबत न्यावी. त्या मुलांना संपूर्ण हंगामाच्या गोळ्या द्याव्यात, आणि ती ज्या कारखान्याच्या तळावर जाणार तेथील रुग्णालयाला त्यांची नावे आधी कळवावीत, मग तो कारखाना कोल्हापूरचा असो, सांगलीचा असो की सीमेपलीकडे कर्नाटकातला.

माझ्या मुलीच्या त्या वर्षांची कालनिर्णये मी जपून ठेवली आहेत. सासऱ्यांच्या दिवसांतले ते तीन चौकोन त्यांत आहेत. निळा आकडा आहे, वर खूण नाही. परिचारिकांच्या प्रशिक्षणात दाखवायला उपयोगी पडणार असतील तर कळवावे, मी पोस्टाने पाठवीन.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका आणि पालक